आधी प्रवेश, मग कागद



आपल्यापैकी कित्येक जण डोंगरपाड्यांवरच्या शाळांना आणि वसतिगृहांना दर महिन्याला हातभार लावतात. काही जण तेथे शिकवतात, काही जण व्यवस्थापक मंडळावर बसतात. म्हणून या अंकाच्या अभ्यासलेखासाठी जरा रूक्ष वाटेल असा विषय घेतला आहे : शाळेचा कायदा. मी वकील नाही. चौतीस वर्षे शिक्षकी केली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. कायद्याशी माझी गाठ पडली ती बहुधा चूक करून झाल्यावरच.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. शाळेत आपली सवय अशी की आधी कागद, आधी पैसे, आधी आपली चौकशी, आणि मग मूल. मुलांसंबंधीचे आजचे कायदे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावतात. आधी मूल आत घ्या, कागद मागाहून पाहा. आधी कळवा, खरेखोटे ठरवणारे ठरवतील. हा क्रम चुकला की सज्जन माणूससुद्धा अडचणीत येतो आणि मुलाचे तर त्याहून जास्त नुकसान होते.

दारात उभी असलेली मुलगी

दिवाळी झाली की आदिवासी पाड्यांवरची बरीच कुटुंबे वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऑगस्ट महिना, शाळा सुरू होऊन दोन महिने झालेले, आणि बाप नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन व्हरांड्यात उभा. जन्मदाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेची एल. सी. नाही. लिपिक म्हणतो, “पुढच्या वर्षी जूनमध्ये या, कागद घेऊन.” बाप मान हलवतो आणि जातो. तो परत येत नाही, हे आपल्याला माहीत असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे त्याचे कलम १४ सांगते. प्रवेशाची मुदत टळली म्हणूनही नाकारता येत नाही, हे कलम १५. एल. सी. यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही, हे कलम ५. आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलीला पहिलीत नव्हे तर तिच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, हे कलम ४. अशी मुलगी चौदा वर्षांची झाली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होईतो तिचा मोफत शिक्षणाचा हक्क संपत नाही.

आधारचे म्हणाल, तर शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. याचा अर्थ कागद करूच नयेत असा मुळीच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा अमलात आला असून त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. जन्माला वर्ष उलटून गेले असेल तर नोंदीसाठी उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ही धावपळ पाड्यावरच्या बापाला एकट्याने झेपत नाही. मंडळीतला एखादा निवृत्त कारकून त्याच्याबरोबर तहसील कचेरीत गेला तर काम होते. मात्र तोवर मुलगी वर्गात बसलेली असावी.

जनरल रजिस्टरमधली ओळ

मुलीला आत घेतले की तिची नोंद होते. शाळेतले सर्वांत वजनदार कागदपत्र म्हणजे जनरल रजिस्टर, आणि आपण ते सर्वांत घाईने लिहितो.

जन्मतारीख घ्या. आई सांगते, “भाताच्या कापणीला झाली.” आणि गुरुजी लिहितात १ जून. मीही लिहिली आहे, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. एकाच वर्गातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी येई आणि आम्ही त्यावर हसत असू. पुढे एका खटल्यात मला साक्षीला बोलावले तेव्हा हसू मावळले. मुलगी घटनेच्या वेळी अठराच्या आत होती की नव्हती, यावर सारे अडलेले. वकिलांनी विचारले, ही तारीख तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिली? माझ्याकडे उत्तर नव्हते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी पाहिले जाते, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे आपली एक ओळ न्यायालयात मुलीला बालक ठरवू शकते किंवा ते संरक्षण तिच्यापासून हिरावून घेऊ शकते. त्यातही नुसती नोंद पुरत नाही. ती कशाच्या आधारावर केली हे दाखवता आले नाही तर तिला फारशी किंमत राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. तेव्हा अंगणवाडीची नोंद पाहा, दवाखान्याची किंवा नर्सबाईंची वही पाहा. काहीच मिळाले नाही तर पालकांचे वयाबद्दलचे लेखी निवेदन अंगठ्यासह घ्या आणि ते फाईलला जपून ठेवा.

दुसरा रकाना जमातीचा. येथे आपल्या लोकांची एक ठरावीक चूक होते, तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. कुटुंब ख्रिस्ती असेल तर गुरुजी धर्माच्या रकान्यात “ख्रिस्ती” लिहितात आणि जातीच्या रकान्यातही “ख्रिस्ती” लिहितात, किंवा तो रकाना कोराच सोडतात. धर्म बदलला की सवलत जाते अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत अनुसूचित जातींच्या नियमावरून आली आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदू, शीख किंवा बौद्ध असण्याची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. धर्मांतरामुळे जमातीचे सदस्यत्व आपोआप संपत नाही, कुटुंब जमातीच्या रीतिरिवाजांशी बांधलेले राहिले आहे का हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात २००४ मध्ये म्हटले. म्हणून भिल्ल मुलाच्या नावापुढे धर्म ख्रिस्ती आणि जमात भिल्ल, अशा दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहायच्या आहेत.

जमातीचे नावही पूर्ण लिहावे. महादेव कोळी कुटुंबातल्या मुलापुढे नुसते “कोळी” लिहिले की वीस वर्षांनी तो नोकरीच्या दारात उभा असताना तपासणी समिती विचारते, कोणते कोळी? ही पडताळणी महाराष्ट्रात २००० च्या जातप्रमाणपत्र अधिनियमाखाली होते. व्हॅलिडिटी मिळाली नाही म्हणून हातची जागा गेलेली मुले प्रत्येक तालुक्यात भेटतील. आणि एकदा केलेली नोंद मुख्याध्यापकाने खोडून सुधारायची नसते. त्यासाठी पुराव्यासह शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. व्हाइटनर लावून केलेले उपकार पुढे त्या मुलाच्याच अंगावर येतात.

जुन्या मिशन शाळांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची, आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना पुरावा म्हणून जास्त वजन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा सांगितले. पाड्यावरच्या कुटुंबाकडे तेवढा जुना कागद कुठून असणार? असलाच तर तो आपल्या शाळेच्या माळ्यावर, आजोबांच्या नावापुढे केलेल्या एका ओळीत असतो. अशी रजिस्टरे वाळवीने खाल्लेली मी पाहिली आहेत, आणि रद्दीत गेल्याचेही ऐकले आहे. देणगीदारांना नव्या इमारतीची कोनशिला दिसते, माळ्यावरचे गाठोडे दिसत नाही. ते खाली काढून पानन् पान स्कॅन करून घ्यायला फार खर्च येत नाही.

अडवून ठेवलेली एल. सी.

खानावळीचे पैसे थकले म्हणून एल. सी. अडवायची, ही रीत सरसकट आहे. मीही एका मुलाची चार महिने अडवली होती. त्या चार महिन्यांत त्याचे आश्रमशाळेतले नाव गेले आणि तो ट्रॅक्टरवर रोजंदारीला लागला. कलम ५ म्हणते की दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा. उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. थकबाकी हा पालक आणि संस्थेमधला हिशेब आहे, तो वेगळा वसूल करावा.

छडी, आणि “आम्हाला हा कायदा लागू नाही”

याच अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. मानसिक छळ हे शब्द आपण वाचून पुढे जातो. “तुम्ही जंगलातले, तुम्हाला काय कळणार,” असे कातकरी पोराला चारचौघांत म्हणणे त्यातच येते. घरी कोकणा किंवा पावरी बोलणारा मुलगा मराठीत अडखळला म्हणून त्याची नक्कल करणेही.

यावर आपल्या संस्थांमध्ये एक उत्तर मिळते : आमची शाळा अल्पसंख्याकांची, आम्हाला तो कायदा लागू नाही. हे अर्धेच खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात अनुच्छेद ३० खालच्या अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, २००९ च्या अधिनियमातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. ते काहीही होवो. सूट आहे ती त्या एका अधिनियमातून. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ सर्वांना लागू आहे. ज्याच्या हाती मूल सोपवले आहे त्याने त्याला मारले, छळले किंवा त्याची हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलांच्या संगोपनाची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. खरे सांगायचे तर ज्या शाळेला आदिवासी मुलाला दारातून परत पाठवण्यासाठी अल्पसंख्याक दर्जा पुढे करावा लागतो, तिने तो दर्जा कशासाठी मागितला होता हे तिच्या विश्वस्तांनी एकदा आपसांत बोलावे.

प्रार्थनेची घंटा

हा मुद्दा नाजूक आहे, म्हणून सरळ लिहितो. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आपल्या शाळेत प्रार्थना होते, बायबलचा तास होतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण पालकांची संमती लेखी, त्यांना समजेल अशा बोलीत वाचून दाखवून घेतलेली असावी, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मुलाला त्या वेळात वाचनालयात बसता यावे, मैदानावर खेळता यावे. त्याच्या ताटात काही कमी पडू नये. प्रवेश-अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीला मी संमती म्हणत नाही.

१९८५ मध्ये केरळमध्ये तीन मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी गात नाहीत, नुसते आदराने उभे राहतात, म्हणून शाळेतून काढले होते. कारण त्यांच्या श्रद्धेचे होते, आणि ती मुले एका लहानशा ख्रिस्ती पंथातली होती. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. विवेकाला जे संरक्षण त्या तीन मुलांना मिळाले, तेच आपल्या वर्गात बसलेल्या, घरी वाघोबा आणि हिरवा मानणाऱ्या वारली मुलालाही आहे.

कोणीतरी आणून सोडलेले मूल

वसतिगृहाच्या दारी रात्री एखादे पोर आणून सोडले जाते. आई गेली, बाप कुठे आहे ठाऊक नाही. आपण त्याला जेवू घालतो, अंथरूण देतो, आणि सकाळी ते आपलेच होते. पूर्वी असेच चाले आणि त्यातून पुष्कळ मुले उभी राहिली. आज कायदा म्हणतो : जेवू घाला, आणि चोवीस तासांच्या आत कळवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, जवळचे पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, यांपैकी कोणालाही. न कळवणे हा बाल न्याय अधिनियमाखाली गुन्हा आहे. अनाथ आणि निराधार मुले ठेवणाऱ्या संस्थेला त्याच अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. या दोन्हींत गल्लत करणारे विश्वस्त मला अजूनही भेटतात.

येथे आपल्या पत्रिकेविषयीही बोलले पाहिजे. देणगीदारांना आवडते म्हणून “या अनाथ मुलीला आपल्या मदतीची गरज आहे” असे लिहून तिचे नाव, गाव आणि फोटो छापायची आपली जुनी पद्धत आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे काहीही कोणत्याही नियतकालिकात छापायला कलम ७४ ने मनाई केली आहे. फोटो दिसला नाही म्हणून पुष्कळ जण नाराज होतात. त्यांना हे कारण सांगावे.

आधी कळवा

आता सर्वांत कठीण भाग. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकीण, पाळकसाहेब, डॉक्टर, कोणीही सुटत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने दिलेली खबर पुढे खोटी ठरली तरी देणाऱ्यावर ठपका येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

आपल्या संस्थांमध्ये प्रत्यक्षात काय होते? मुलगी बाईंना काहीतरी सांगते. बाई मुख्याध्यापकांना सांगतात. मुख्याध्यापक विश्वस्तांना फोन करतात. विश्वस्त म्हणतात, आधी तिघांची समिती नेमू, खरे आहे का पाहू, मिशनचे नाव आहे. समिती मुलीला बोलावते, तीन मोठ्या माणसांसमोर पुन्हा पुन्हा तेच विचारते. मग आईला बोलावले जाते, आणि आई म्हणते, साहेब, बोभाटा नको, पोरीचे लग्न व्हायचे आहे. यात पंधरा दिवस जातात, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो त्याच आवारात फिरत असतो. यातल्या कोणालाही आपण वाईट वागलो असे वाटत नाही. पण पंधरावा दिवस उजाडतो तेव्हा ती मुलगी सोडून बाकी प्रत्येकाच्या हातून गुन्हा घडलेला असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण आपल्याला आठवत असेल. त्या मुलींना तपासणाऱ्या एका डॉक्टरांवर, माहीत असून कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. डॉक्टर दोषी आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही, ते खटल्यात ठरायचे. पण माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि वेळेवर खबर मिळाली नाही तर मुलीची वैद्यकीय तपासणी, पुरावा, पुढचा सारा तपासच लंगडा पडतो, हे त्या निकालात ठासून सांगितले आहे.

म्हणून ज्या बाईंना मुलीने सांगितले त्यांनी ऐकून घ्यावे, उलटतपासणी करू नये, ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. मुख्याध्यापकांची परवानगी त्याला लागत नाही. पोलिसांची भीती पाड्यावर खरी आहे, तिचे निरसन करता येते : जबाब मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या गणवेशात नसतात, आणि मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. मुलीला मराठी नीट येत नसेल तर दुभाषी मिळतो. तो आपल्याच संस्थेचा नोकर नसावा, एवढे पाहावे.

आणखी एक. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, वेळोवेळी पोलीस पडताळणी करायची आहे. स्वयंपाकी, वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर यांत आले. उन्हाळी शिबिरासाठी आपल्याच मंडळीतून जाणारे तरुण स्वयंसेवकही मी त्यात धरतो. आपल्या ओळखीचा आहे, पाळकसाहेबांनी पाठवला आहे, हे पडताळणीच्या जागी चालत नाही.

पुढच्या वेळी आपण मदत करता त्या वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा भात-आमटी जरूर जेवा, मुलांची गाणी ऐका. मग अधीक्षकांकडे कलम ४१ ची नोंदणी लागू आहे का आणि असल्यास तिचा कागद, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची फाईल आणि पालकांच्या संमतीची फाईल मागा. आणि १०९८ हा आकडा भिंतीवर कुठे लिहिला आहे तेही पाहा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तो कार्यालयात, कपाटाच्या मागे होता. तो मुलींच्या खोलीबाहेर, दुसरीतल्या मुलीला वाचता येईल इतक्या उंचीवर आणि तिच्या बोलीत हवा, आणि ज्या फोनवरून तो फिरवायचा तो फोन कुलपात नको.